ईसीएम खरंच गेलाय का?

सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण सुरू होत नाही. मीटरवरचा पिवळा इंजिन-दिवा विझत नाही. सेकंडहँड मोटारसायकलची ही तक्रार घेऊन आपण गॅरेजात गेलो, की पुष्कळदा दहा मिनिटांत निकाल लागतो: "ईसीएम गेलाय, नवा टाकावा लागेल." निकाल खरा असूही शकतो. पण ईसीएम हा गाडीतल्या महागड्या भागांपैकी एक आहे, आणि विजेचे सुटे भाग एकदा विकले की बहुतेक दुकानं परत घेत नाहीत. तेव्हा पैसे मोजण्याआधी खात्री करून घेतलेली बरी.

ईसीएम म्हणजे इंजिन कंट्रोल मॉड्यूल. काही जण त्याला ईसीयू म्हणतात. इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं आणि ठिणगी नेमकी केव्हा टाकायची, हे ठरवणारी ही बंद डबी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले, बहुतेक मोटारसायकलींचा कार्बोरेटर गेला आणि साध्या रोजच्या गाडीतही ही डबी आली. ती सहसा सीटखाली किंवा बाजूच्या पॅनेलमागे असते. आतली पाटी राळेसारख्या थराखाली बुजवलेली असल्याने उघडून दुरुस्त करणं अवघड जातं.

सुरुवात अगदी साध्या गोष्टींपासून करावी. किल स्विच चालू आहे का? साइड स्टँड पूर्ण वर आहे का? गाडी आडवी पडली होती का? पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर बऱ्याच गाड्यांत असतो, आणि चावी एकदा बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय तो मोकळा होत नाही.

मग बॅटरी. गाडी उभी असताना मल्टिमीटरवर साधारण १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. सेल्फ दाबताना आकडा १० च्या खाली घसरत असेल, तर आधी बॅटरी चार्ज करावी. ईसीएमला पुरेसा विजेचा दाब मिळाला नाही, तर चांगला ईसीएमही मेल्यासारखा वागतो.

आता चावी लावून कान टाकीकडे द्यावा. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो आणि थांबतो. बहुतेक गाड्यांत पंपाला हा हुकूम ईसीएमच देतो. म्हणजे आवाज आला तर तो निदान जागा आहे. आवाज नाही आणि इंजिन-दिवाही लागत नाही, तर त्याच्यापर्यंत करंट पोचतोय का ते पाहायचं. आधी फ्यूज तपासावा. तो डोळ्याने धड दिसतो म्हणून सोडू नये, मीटर लावून बघावा.

यापुढचा भाग गॅरेजांत सर्वांत जास्त वगळला जातो: अर्थिंग. मुख्य अर्थची वायर चेसिसला किंवा इंजिनाला जिथे बोल्टने आवळलेली असते, तिथे रंगाचा पापुद्रा, गंज किंवा तांब्यावर हिरवट पूड जमते. जुन्या गाडीत, त्यातून कोकणात वापरलेल्या गाडीत, हे हमखास सापडतं. चावी चालू ठेवून मीटरची एक तार ईसीएमच्या अर्थ पिनवर आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर धरावी. आकडा शून्याच्या जवळ हवा. अर्धा-एक व्होल्ट दिसला, तर बोल्ट सोडून, पॉलिश पेपरने घासून पुन्हा आवळावा. खर्च जवळपास शून्य.

त्यानंतर ५ व्होल्टची लाइन. थ्रॉटल किती उघडा आहे आणि हवेचा दाब किती आहे, हे सांगणाऱ्या सेन्सरना ईसीएम स्वतः ५ व्होल्ट पुरवतो, आणि बऱ्याच गाड्यांत ही लाइन सामाईक असते. एक सेन्सर आतून शॉर्ट झाला की सगळी लाइन बसते, स्कॅनरवर एकदम तीन-चार सेन्सरचे दोष दिसतात, आणि मेकॅनिक म्हणतो, "इतके सेन्सर एकदम जात नाहीत, ईसीएमच गेला." त्याचं निम्मं म्हणणं बरोबर असतं. अशा वेळी चावी बंद करून एक-एक सेन्सरचा कप्लर, म्हणजे वायरींची जोडणी, काढावा आणि चावी लावून ५ व्होल्ट परत येतात का ते पाहावं. ज्याचा कप्लर काढल्यावर आकडा जागेवर येतो, तो सेन्सर किंवा त्याची वायर दोषी. सगळे कप्लर काढूनही आणि मधली वायरिंग शॉर्ट नसूनही ५ व्होल्ट येत नसतील, शिवाय करंट आणि अर्थिंग ठीक असेल, तरच ईसीएमवरचा संशय पक्का.

मोजताना मीटरची टोकं कप्लरच्या समोरच्या भोकांत खुपसू नयेत. आतली पितळी पाती फाकते आणि पुढे कधीतरी, खड्ड्यात गाडी आपटली की, संपर्क सुटतो. मागच्या बाजूने, वायर जिथून आत जाते तिथून, बारीक टाचणीने मोजावं.

ईसीएम खरोखर गेला असेल, तर तो कशाने गेला हे शोधल्याशिवाय नवा बसवू नये. सेकंडहँड गाडीत याला फार महत्त्व आहे, कारण आधीच्या मालकाने काय काय जोडलं ते आपल्याला ठाऊक नसतं. जादा एलईडी दिवे, मोठा हॉर्न, रिमोट अलार्म, मोबाइल चार्जर, असं काही असेल तर इन्सुलेशन टेप सोडून आतली जोडणी पाहावी. उंदरांनी कुरतडलेली वायरही सीटखालीच सापडते.

दुसरा संशयित आरआर युनिट, म्हणजे रेग्युलेटर-रेक्टिफायर. इंजिनाने तयार केलेली वीज बॅटरीला सोसेल इतकीच ठेवणं हे त्याचं काम. ते बिघडलं की दाब १५ व्होल्टच्या वर जातो आणि इलेक्ट्रॉनिक भाग जळतात. बॅटरी उलटी जोडून जंप-स्टार्ट देणं, ईसीएम न काढता चेसिसला वेल्डिंग करणं, वॉशिंग सेंटरवर सीटखाली प्रेशरचं पाणी मारणं, ही इतर कारणं. आणि एक जुनी सवय: चालू इंजिनात बॅटरीची वायर काढून चार्जिंग होतंय का ते बघणं. कार्बोरेटरच्या गाडीने ते सोसलं असेल, इंजेक्शनच्या गाडीवर हा प्रयोग कुणालाही करू देऊ नये.

त्याच मॉडेलची दुसरी धडधाकट गाडी मिळाली तर अदलाबदल करून पाहता येतं. पण चांगला ईसीएम आजारी गाडीत घालू नये. वायरिंगमध्ये दोष असेल तर तोही जळेल. संशयित ईसीएम चांगल्या गाडीत लावून पाहणं तुलनेने कमी धोक्याचं.

नवा घेताना गाडीचं नाव सांगून भागत नाही. ईसीएमवर छापलेला पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे. त्याच नावाच्या गाडीत वर्षागणिक तो बदलतो. कप्लर नीट बसला म्हणजे ईसीएम चालेलच असं नाही. पुण्याच्या जुन्या बाजारातून किंवा मुंबईत कुर्ल्याहून वापरलेला घेणार असाल, तर नंबर जुळवा, पिना वाकलेल्या नाहीत ते पाहा, आणि आपल्या गाडीत इमोबिलायझर, म्हणजे चावीतली चिप ओळखणारी चोरीरोधक सोय, आहे का ते विचारा. ती असेल तर दुसऱ्या गाडीचा ईसीएम आपली चावी ओळखणार नाही. सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरवर नोंदणी करावी लागते.

बसवणं हे त्यातल्या त्यात सोपं काम. चावी बंद, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढायची. कप्लरची खिटी दाबून तो सरळ ओढायचा, वायरींना धरून नाही. नवा लावताना खिटीचा 'टक्' आवाज आला पाहिजे आणि रबरी सील जागेवर हवं. निगेटिव्ह वायर सर्वांत शेवटी जोडायची.

पहिल्यांदा चावी लावताना थ्रॉटलला हात लावू नये. बंद स्थिती कोणती, हे काही गाड्यांत ईसीएम तेव्हाच टिपून घेतो. काही मॉडेलना हे रीसेट स्कॅनरवर करावं लागतं. सुरुवातीला इंजिनाचा आवाज थोडा वरखाली झाला तर घाबरू नये, पण दोन-चार दिवस चालवूनही तो स्थिर झाला नाही तर गाडी परत दाखवावी. इंजिन चालू असताना, थोडी रेस देऊन, बॅटरीवर १३.५ ते १४.५ व्होल्ट आहेत हे मात्र त्याच दिवशी, गॅरेजातून निघण्याआधी पाहून घ्यावं.

बिलावर नव्या ईसीएमचा पार्ट नंबर लिहून घ्या आणि जुना ईसीएम मागून घरी आणा. पुढे कुणी वायरिंगचा दोष शोधून काढला, तर कदाचित तोच चांगला निघेल.