अहो, छक्की टाका!

लास व्हेगसच्या स्ट्रिपवरच्या एका रिसॉर्टमध्ये सोळा वर्षं मी मशीनं उघडली आणि बंद केली. कराडला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला, फिरत फिरत तिथे पोचलो. आईने फोनवर एकदाच विचारलं, "लोक जुगार खेळतात तिथं तू काय करतोस?" म्हटलं, "पंखे दुरुस्त करतो." खोटं नव्हतं. प्रत्येक मशीनच्या पोटात एक पंखा असतो, आणि सिगारेटच्या धुराने आधी तोच बसतो.

मी लागलो तेव्हा नाण्यांचा जमाना होता. मशीनच्या आत हॉपर नावाची बादलीवजा टाकी असायची. ती रिकामी झाली की वरचा दिवा लुकलुकायचा आणि आम्ही पिशव्या घेऊन धावायचो. दिवसभर खेळणाऱ्यांची बोटं काळीकुट्ट व्हायची. पुढे छापील तिकिटं आली, हॉपर गेले, पाठदुखी गेली. गंमत म्हणजे पत्र्याच्या ताटलीत नाणी पडल्याचा तो खणखणाट लोकांना इतका हवाहवासा होता, की काही मशीनं तो रेकॉर्ड करून वाजवायला लागली.

पण मला सांगायचंय ते व्हिडिओ पोकरबद्दल. चाकं फिरवणाऱ्या स्लॉट मशीनच्या मनात काय आहे ते खेळणाऱ्याला कधीच कळत नाही. तेच चित्र, तेच मशीन, पण आतला हिशेब वेगळा असू शकतो. व्हिडिओ पोकरचं तसं नाही. नेवाडाचा नियमच आहे, की पडद्यावर पत्ते दाखवणार असाल तर ते खऱ्या जोडातून यावेत तसेच यायला हवेत, बावन्नपैकी प्रत्येकाला सारखी संधी. मग लपवायला जागा उरते कुठे? कुठल्या हाताला किती मिळणार हे पडद्यावर लिहिलेलं असतं. ज्याला गणित येतं तो उभ्या उभ्या सांगू शकतो, हे मशीन मला किती रुपयांना पडेल.

खेळ साधा. पाच पत्ते येतात, हवे ते ठेवायचे, नको ते टाकायचे, बदली पत्ते घ्यायचे. गुलामाची जोडी किंवा त्याहून चांगलं काही आलं की पैसे. आम्ही टेक्निशियन मशीनला नावाने नाही, दोन आकड्यांनी ओळखायचो: नऊ-सहा, आठ-पाच. फुल हाउसला (तीन एकसारखे पत्ते आणि एक जोडी) एका नाण्यामागे नऊ आणि फ्लशला (पाचही पत्ते एकाच रंगाचे) सहा देणारं मशीन, अगदी बिनचूक खेळलात तर, शंभरातले ९९.५४ परत करतं. आठ आणि पाच देणारं ९७.३०. बाकी सगळं हुबेहूब. तोच रंग, तीच खुर्ची, तीच बटणं.

मिनेसोटाचं एक निवृत्त शिक्षक जोडपं दर फेब्रुवारीत दहा दिवस यायचं. त्यांच्याकडे प्लॅस्टिक चढवलेलं एक कार्ड असायचं, कुठल्या हाताला काय ठेवायचं याचा तक्ता. लोकांना वाटतं असलं काही कॅसिनोत चालत नाही. चालतं, गिफ्ट शॉपमध्ये विकायलाही ठेवलेलं असतं. बाई पाव डॉलरच्या मशीनवर पाच नाणी लावून खेळायच्या, म्हणजे हाताला सव्वा डॉलर. तासाला सहाशे हात, दिवसाला सहा तास. दहा दिवसांत पंचेचाळीस हजार डॉलर मशीनमधून फिरून जायचे. आकडा ऐकून भोवळ येते, पण तेच ते पैसे पुन्हा पुन्हा फिरतात. नऊ-सहावर याची सरासरी किंमत २०७ डॉलर. त्या बदल्यात खोली फुकट, बुफे फुकट, वर एखादा शो.

ही फुकट खोली कुणी मेहरबानीने देत नाही. प्लेअर्स कार्ड मशीनमध्ये खोचलं की प्रत्येक हात नोंदला जातो, आणि तुम्ही प्रत्यक्षात किती हरलात यापेक्षा किती हरायला हवं होतंत यावर खोली ठरते. त्याला आमच्याकडे 'थिओ' म्हणायचे. मार्केटिंगवाल्यांना व्हिडिओ पोकरवाले फारसे आवडत नसत. बऱ्याच ठिकाणी त्यांना स्लॉटवाल्यांच्या निम्मेच पॉइंट मिळतात. कारण उघड आहे, हे गिऱ्हाईक भाजी निवडून घेतं.

एका वर्षी वरून हुकूम आला आणि त्या बाईंच्या रांगेतली मशीनं मी रातोरात आठ-पाच केली. चावी फिरवायची, मेनूत जायचं, दोन आकडे. कागदपत्रांनाच जास्त वेळ लागला. सकाळी बाई आल्या, पर्स खुर्चीवर ठेवली, चष्मा लावला, पडद्याकडे पाहिलं, पर्स उचलली. बसल्यासुद्धा नाहीत. तीच दहा दिवसांची सुट्टी आता त्यांना बाराशे पंधराला पडली असती. दुपारपर्यंत त्यांच्या जागा भरल्या होत्या आणि एकानेही वरची ओळ वाचलेली नव्हती. माझ्या मनाला ते लागलं, हे कबूल करतो. पण मी पगारी माणूस.

अर्थात नऊ-सहासुद्धा काही देवघर नव्हे. रॉयल फ्लश, म्हणजे एकाच रंगाचे एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी, साधारण चाळीस हजार हातांत एकदा लागतो. बाईंचे दहा दिवसांत छत्तीस हजार हात व्हायचे. त्यात रॉयल नाही लागला, तर २०७चे सुमारे अकराशे होतात. अशा फेब्रुवारी त्यांनी पाहिल्या होत्या. चेकआउटच्या दिवशी त्यांचे यजमान बॅगा ओढत पुढे आणि त्या मागे गप्प, असंही मी पाहिलंय.

सगळ्यात जिव्हारी लागलेला किस्सा मात्र एका म्हाताऱ्या ट्रक ड्रायव्हरचा. पाव डॉलरचं एकच नाणं लावून खेळायचा, पैसे पुरवून. त्याला रॉयल लागला. पाच नाणी लावली असती तर चार हजार नाणी, हजार डॉलर. एका नाण्याला अडीचशे, म्हणजे साडेबासष्ट डॉलर. पाचव्या नाण्याला भाव एकदम उडी मारतो, हेही पडद्यावर लिहिलेलं असतंच. मी हॉपर भरायला गेलो होतो. तो मला म्हणाला, "मशीन बिघडलंय का बघ ना." मी दार उघडलं, आत बघितल्यासारखं केलं, बंद केलं.

या यंत्राचा बाप म्हणजे साय रेड. मिसिसिपीचा माणूस. बॅली या बड्या कंपनीसाठी मशीनं विकायचा. टीव्हीसारख्या दिसणाऱ्या या खेळात बॅलीला रस नव्हता, म्हणून तो स्वतःच घेऊन बाहेर पडला. १९७९मध्ये त्याचं ड्रॉ पोकर बाजारात आलं, आणि त्याच्या कंपनीची पुढे आयजीटी झाली. माझ्या मते यश पत्त्यांचं नव्हतंच. टेबलावर बसायला लोक बिचकतात. डीलर बघतो, शेजारचा उसासे टाकतो. मशीन कुणाला हसत नाही.

आमच्या धंद्यात लबाडी झालीच नाही असं नाही. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी व्हेगसमधल्याच एका कंपनीने मोठा जॅकपॉट लागूच नये अशा चिप मशीनांत घातल्याचं उघड झालं. तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाचा १९९०मध्ये खून झाला. जुने टेक्निशियन ही गोष्ट आवाज खाली आणून सांगायचे.

उलट्या बाजूचा किस्सा मी स्वतः अनुभवलाय, निदान त्याचं शेपूट. २००९च्या सुमारास निरोप आला, गेम किंग मशीनांवरचं 'डबल-अप', म्हणजे जिंकलेले पैसे दुप्पट करायला पुन्हा लावायची सोय, ताबडतोब बंद करा. कारण सांगितलं नाही. चाव्यांचा जुडगा घेऊन आख्खी रात्र फिरलो. मग बातमी कळली. जॉन केन नावाच्या, उत्तम पियानो वाजवणाऱ्या एका खेळाडूला मशीनमधली एक चूक सापडली होती. छोट्या दरावर हात जिंकायचा, ठरावीक क्रमाने खेळ बदलायचे, पैसे घालायचे, दर वाढवायचा. मशीन तीच जुनी जीत नव्या दराने पुन्हा द्यायचं! शहरातल्याच सिल्व्हरटन कॅसिनोत त्याला पकडलं. त्याचा मित्र आंद्रे नेस्टर पेनसिल्व्हेनियात तेच करत होता. सरकारने संगणक-घुसखोरीचं कलम लावलं, ते २०१३मध्ये मागे घ्यावं लागलं. बटणं तर सगळी बाहेरचीच होती. ही चूक कित्येक वर्षं त्या मशीनांत होती, मी ती शेकडो वेळा उघडली होती आणि मला पंख्यापलीकडे काही दिसलं नव्हतं. शिवाय डबल-अप चालू असल्याशिवाय ती युक्ती चालत नसे, आणि ते चालू करून देणारा हात नेहमी आमच्यापैकीच कुणाचा तरी.

आता त्या छक्कीवाल्या काका-काकूंची गोष्ट. २०१४चा उन्हाळा. मराठी टूर उतरली होती, स्वतःचा आचारी बरोबर, सकाळी लॉबीत पोह्यांचा वास. ग्रँड कॅनियनची बस सुटायला पंचवीस मिनिटं होती. मी एका मशीनची नोटा घेणारी फट साफ करत बसलो होतो, शेजारच्यावर काका बसले. महसूल खात्यातून निवृत्त, हे पुढे कळलं. डॉलरचं मशीन, आठ-पाच. वीसची नोट घातली आणि 'बेट मॅक्स' दाबलं.

"अहो, पाच गेले एकदम!"

"गेले नाहीत, लावलेत." पण त्यांचाही आवाज बसला होता.

तीन हात गेले. चौथा आला: बदाम राजा, बदाम राणी, बदाम गुलाम, बदाम दश्शी आणि बदाम छक्की. फ्लश. पंचवीस डॉलर हातात. काकांनी पाचही पत्ते ठेवायला बोट उचललं.

"अहो, छक्की टाका!"

"वेडी आहेस का? आलेले पैसे टाकू?"

"एक्का आला तर?"

"सत्तेचाळीस पत्ते उरलेत. त्यातला एक."

"नव्वी आली तरी चालेल. आणि बदामच आलं तर हेच पंचवीस. टाका म्हणते ना."

काकू बरोबर होत्या. तक्ता हेच सांगतो, फ्लश मोडायचा. पण खेळणाऱ्याला सल्ला द्यायला आम्हाला सक्त मनाई, डोक्यावर कॅमेरा, आणि मला मराठी येतं हे त्यांना माहीत नव्हतं. मी फट पुसत राहिलो. पुसून पुसून ती चकाकायला लागली. शेवटी काकूंनीच हात पुढे करून चार बटणं दाबली आणि पाचवं सोडलं.

बदाम एक्का.

मशीन लॉक झालं, दिवा लागला, आणि मी न राहवून म्हणालो, "काकू, जिंकलात!" काका चार हजार डॉलरपेक्षा माझ्याकडेच जास्त दचकून बघत होते.

पुढचा भाग कागदांचा. तेव्हा बाराशे डॉलर किंवा त्यावर मशीनवर लागले की पैसे हातात, नोंद करून. परदेशी माणसाचा तीस टक्के कर तिथल्या तिथे कापतात. पासपोर्ट खोलीतल्या तिजोरीत. टूर मॅनेजर घड्याळ दाखवतोय, काका लिफ्टकडे पळताहेत. १०४२-एस नावाचा फॉर्म भरला, बाराशे कापले, अठ्ठावीसशे मोजून दिले.

काकूंनी पलीकडच्या ब्लॅकजॅकच्या टेबलाकडे बोट केलं. "तिथं पण कापतात?"

"नाही. परदेशी माणसाला त्या टेबलावर माफ आहे."

"हा कुठला न्याय?"

काकांना मात्र खातं आठवलं. म्हणाले, महाराष्ट्राने १९७६मध्येच कॅसिनोचा कायदा करून ठेवलाय, अमलात आणला नाही इतकंच. (तो न वापरताच २०२३मध्ये रद्द झाला. तेव्हा मला त्यांची आठवण झाली.)

बस हॉर्न देत होती. काका पडद्यावरच्या रॉयलचा फोटो काढून निघाले. काकू तिथेच उभ्या. "मघाचे पत्ते परत दिसतात का रे? ते छक्कीचे?"

दिसतात. मशीन मागचे हात लक्षात ठेवतं, भांडणं मिटवायला. मी चावी फिरवली, मागचा हात काढला. राजा, राणी, गुलाम, दश्शी, छक्की. काकूंनी मोबाइल आडवा धरला, छक्की नीट मध्यभागी येईल असा फोटो काढला.

"यांचं काय," त्या म्हणाल्या, "सांगलीला पोचेपर्यंत हे म्हणतील, मीच टाकली."