बाईच्या जिवाचा हिशेब

घरचा कर्ता पुरुष गेला, की घर उघड्यावर पडले असे आपण म्हणतो. बाई गेली तर ‘लेकरं पोरकी झाली’ म्हणून हळहळतो. तिच्या जाण्याने घराचा हिशेबही कोलमडतो, हे मात्र सहसा कुणाच्या तोंडी येत नाही.

शिकागोतल्या कॅथलिक बायकांनी हा हिशेब १८९१ मध्ये मांडला, याचे मला फार अप्रूप वाटते.

त्या शहरातल्या आयरिश कॅथलिक पुरुषांनी १८८३ साली ‘कॅथलिक ऑर्डर ऑफ फॉरेस्टर्स’ ही संस्था काढली होती. सभासदांनी वर्गणी भरायची आणि कुणी दगावला तर त्याच्या कुटुंबाच्या हाती ठरलेली रक्कम ठेवायची. आपल्याकडच्या भिशीसारखाच हा एकमेकांच्या भरवशावरचा व्यवहार. पण तिथे सभासद फक्त पुरुष! तेव्हा बायकांनी आपली वेगळी ‘विमेन्स कॅथलिक ऑर्डर ऑफ फॉरेस्टर्स’ उभी केली.

तिच्या प्रमुख एलिझाबेथ रॉजर्स. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या, दहा-बारा लेकरांच्या आई. ‘नाइट्स ऑफ लेबर’ या कामगार संघटनेच्या १८८६ च्या रिचमंड अधिवेशनाला त्या तान्ह्या बाळाला घेऊन गेल्या होत्या. तिथल्या महिला प्रतिनिधींचे एक छायाचित्र उपलब्ध आहे. त्यात रॉजर्सबाईंजवळ ते बाळ पाहिले, की मोर्चात कडेवर मूल घेऊन चालणाऱ्या आपल्या बायका मला आठवतात.

कष्टकऱ्याच्या घरातली बाई गेली, की अंत्यविधीचा खर्च तर असतोच. पण दुसऱ्या दिवशी चूल कोण पेटवणार, धुणे कोण धुणार, पोरांना कोण सांभाळणार? गड्याने कामावर जायचे तर या प्रत्येक गोष्टीला पैसे मोजावे लागतात. चर्चकडून मदत मिळेलही, पण ती मागावी लागते. वर्गणी भरून मिळणारी रक्कम हक्काची. दान आणि हक्क यांतला हा फरक या बायकांना नेमका उमगला होता.

रॉजर्सबाईंनी १९०८ पर्यंत संस्थेची धुरा वाहिली. आज आपल्याकडे विमा घरोघरी पोचला आहे. तरीही अर्जातल्या ‘वार्षिक उत्पन्न’ या रकान्यापाशी गृहिणीचे पेन अडखळतेच. तिथे काय लिहायचे, हे एकदा घरात सगळ्यांनी मिळून बोलायला काय हरकत आहे?