शमाल वाहील तेव्हा

मुलांच्या मामूने एप्रिलमध्ये दुबईहून एक व्हिडिओ पाठवला. मागे बुर्ज अल अरबचं शीड आणि पुढे फळीवर उभी राहून लाटेबरोबर घसरत येणारी एक मुलगी, डोक्यापासून घोट्यापर्यंत अंग झाकलेली. आमची तेरा वर्षांची थोरली म्हणाली, "मला हे शिकायचंय." अम्मी, म्हणजे मुलांची नानी, तस्बीह घेऊन उठली आणि आत निघून गेली.

तिचं उठून जाणं आम्हाला कळलं. चाळीसेक वर्षांपूर्वी तिचा धाकटा भाऊ दोस्तांबरोबर मालाडच्या आक्सा किनाऱ्यावर गेला, तो परत आला नाही. तेव्हापासून आमच्या घरी समुद्र म्हणजे जुहूवर भेळ खात लांबून पाहायची गोष्ट. कोकणातलं घराणं, आजोबा जहाजावर नोकरीला, आणि आज अंधेरीच्या या घरात एकालाही पोहता येत नव्हतं! उपनगरांत अशी घरं किती निघतील, वाचक भगिनींनीच सांगावं.

तरीही बेत आखायला घेतला. मेच्या सुट्टीत जाऊ म्हटलं, तर मामू हसायलाच लागला. मेमध्ये दुबईचा पारा चाळिशी गाठतो आणि समुद्र बहुतेक दिवस तळ्यासारखा निपचित असतो. व्हिडिओ जानेवारीतला होता.

हे असं का, ते समजून घेण्यात आमच्या दोन संध्याकाळी गेल्या. मुंबईसमोर अरबी समुद्र उघडा आहे. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा लांबवरून पाणी ढकलत आणतो, म्हणून आपल्याकडे लाटा उसळतात. ('मान्सून' हा शब्दही मूळ अरबी 'मौसिम'चाच.) दुबईसमोरचं आखात मात्र जवळपास बंद. होर्मुझची चिंचोळी सामुद्रधुनी ओलांडून बाहेरची मोठी लाट आत येत नाही, आणि आखात कुठेही शंभर मीटरपेक्षा फारसं खोल नाही. तिथली लाट तिथल्याच वाऱ्याची. त्या वाऱ्याला शमाल म्हणतात. उर्दू जाणणाऱ्यांना 'शुमाल' म्हणजे उत्तर हे सांगायला नको. इराकच्या बाजूने, आखाताच्या लांबीला धरून तो खाली येतो. हिवाळ्यात सलग दोन-तीन दिवस वाहिला की दक्षिण टोकाच्या दुबईला लाटा पोहोचतात. वारा जोरात असताना पाणी नुसतं खवळलेलं असतं. तो मंदावला की काही तास, फार तर एखादा दिवस, लाटा रांगेने येतात. मग पुन्हा तळं.

थोडक्यात, विमानाचं तिकीट काढता येतं, लाटेचं नाही. चार दिवसांच्या सहलीत एकही लाट मिळाली नाही असं सहज होऊ शकतं. म्हणून आम्ही दहा दिवस धरले. फेब्रुवारीत परीक्षांची धावपळ, शिवाय २०२६ चा रमजान फेब्रुवारीच्या १८-१९ तारखेच्या सुमारास सुरू होतो. उरला डिसेंबरचा शेवट. मामूच्या दोन खोल्यांत सगळे दाटीवाटीने राहू. ज्यांना वाऱ्याची वाट पाहायची नाही त्यांच्यासाठी अबुधाबीच्या हुदैरियत बेटावर कृत्रिम लाटांचं केंद्र आहे. आम्ही दर पाहिले आणि फोन बाजूला ठेवला.

फळी इथून न्यायची नाही. शिकणाऱ्याला आठ-नऊ फुटांची मऊ फोमची फळी लागते, ती तिथे भाड्याने मिळते. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी, आणि लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो. धाकट्याचा संपत आलेला निघाला! प्रवासविम्यात साहसी खेळ धरले आहेत का, हे बारीक अक्षरांत वाचावं; बऱ्याचदा नसतात. थोरलीच्या पोशाखाची काळजी आम्ही महिनाभर केली, ती थंडीनेच मिटवली. हिवाळ्यात पाणी बरंच गार होतं, तेव्हा लांब बाह्यांचा रबरी पोशाख पुष्कळजण घालतात. त्यावर सैल कुर्ता आणि हनुवटीखाली बंद होणारी टोपी. पाण्यात ओढणी आणि पिना मात्र नकोत, लाटेत त्या गळ्याशी येतात. डिसेंबरात तिथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे फजर पढून निवांत निघता येईल.

अम्मीची अट एकच होती: आधी पोहणं. स्त्रियांसाठी वेगळी वेळ असलेल्या तलावावर आम्ही मायलेकींनी नावं घातली. थोरली आता शंभर मीटर पोहते. तिची आई अजून कडेचा दांडा सोडताना कलमा पढते.

शिकवणाऱ्या बाईंनी एके दिवशी समुद्राच्या ओढीबद्दल सांगितलं. किनाऱ्यावर फुटलेलं पाणी परत जाताना एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने आत वाहतं. तिथे लाटा कमी दिसतात, म्हणून माणसाला तीच जागा सुरक्षित वाटते. त्या ओढीविरुद्ध सरळ किनाऱ्याकडे पोहायला गेलं की चांगला पोहणाराही थकतो. आधी तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची, आणि किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत त्या पट्ट्याबाहेर पडायचं.

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा अम्मी तांदूळ निवडत होती. हात थांबवून म्हणाली, "त्याला पोहता येत होतं. गावच्या विहिरीत सगळ्यांच्या पुढे असायचा." मग थोड्या वेळाने, "म्हणजे तो आडवा गेला असता तर?"

आमच्यापैकी कुणालाच काही बोलता आलं नाही.

दुबईआधी दिवाळीच्या सुट्टीत मुल्कीला जायचं ठरलं आहे. मंगळूरजवळच्या या गावात २००४ पासून मंत्रा सर्फ क्लब आहे, आणि कुर्ल्याहून सुटणारी मत्स्यगंधा तिथे थांबते. त्याच किनारपट्टीवर थोडं उत्तरेला, कोडी बेंगरे इथे, इशिता मालवीय सर्फिंग शिकवते. ती भारताची पहिली व्यावसायिक महिला सर्फर म्हणून ओळखली जाते, आणि मुळात आपल्या मुंबईचीच. थोरलीने हे नानीला तीनदा ऐकवलं.

दुबईची चार तिकिटं काढायची होती. परवा रात्री अम्मीने स्वतः मामूला फोन लावला आणि पाचवं सांगितलं. वर विचारलं, "वाळूत बसायला खुर्ची मिळते ना तिथे? अगदी पाण्याजवळची हवी मला."