ऑनलाइन होत नाही, पालममधून होते

‘नोकरी सांभाळा, घरबसल्या डॉक्टरेट मिळवा’ अशा आशयाच्या जाहिराती शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर अधूनमधून येऊन पडतात. विषय बहुधा ‘शैक्षणिक नेतृत्व’, विद्यापीठ परदेशी आणि फी हप्त्याने. परभणी जिल्ह्यातल्या पालम तालुक्यात एखाद्या मुख्याध्यापकाला किंवा केंद्रप्रमुखाला त्यात रस वाटला तर नवल नाही. एम.एड. झालेले असते, नोकरीची पंधरा-वीस वर्षे सरलेली असतात, आणि नावाआधी ‘डॉ.’ लागावे या इच्छेत गैर काहीच नाही. पण पैसे भरण्याआधी एक गोष्ट पक्की ठाऊक हवी. भारतात ऑनलाइन पीएचडी नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे पीएचडीबाबतचे सध्याचे विनियम नोव्हेंबर २०२२चे. दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएचडी चालवायला त्यांत मनाई आहे. परदेशी संस्थांशी करार करून एड-टेक कंपन्या ज्या ‘ऑनलाइन पीएचडी’ विकतात त्यांना मान्यता नाही, असा जाहीर इशारा आयोगाने आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने (एआयसीटीई) त्याआधीच्या महिन्यात दिला होता. देशातल्या विद्यापीठाचे नाव असले म्हणजे काळजी मिटली, असेही नाही. पीएचडीचे नियम पाळले नाहीत म्हणून राजस्थानातल्या तीन खासगी विद्यापीठांना आयोगाने जानेवारी २०२५मध्ये पाच वर्षांसाठी नवे पीएचडी प्रवेश द्यायला बंदी केली. ‘मानद डॉक्टरेट’ पैसे घेऊन वाटणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

मग या जाहिराती येतात कुठून? अमेरिकेत ‘एड.डी.’ नावाची वेगळी डॉक्टरेट आहे. हार्वर्डने १९२०च्या सुमारास ती सुरू केली. पीएचडी संशोधक घडवण्यासाठी आणि एड.डी. शाळा चालवणाऱ्यांसाठी, अशी ढोबळ विभागणी. जॉन्स हॉपकिन्ससारखी नामांकित विद्यापीठे आज हा अभ्यासक्रम ऑनलाइन देतात आणि तिथे त्याला पूर्ण मान आहे. विद्यार्थी नोकरी सोडत नाही. आपल्याच शाळेतला एखादा अडलेला प्रश्न घेतो, त्यावर उपाय करून पाहतो आणि काय झाले ते प्रबंधात मांडतो. कल्पना उत्तमच आहे. पण भारतातल्या नोकरीसाठी तिचा उपयोग समकक्षतेवर अवलंबून आहे, आणि ऑनलाइन घेतलेल्या पदवीचे घोडे नेमके तिथेच अडते.

पालमच्या शिक्षकाला खरी वाट आहे ती अर्धवेळ पीएचडीची. २०२२च्या विनियमांनी तिला स्पष्ट मान्यता दिली आहे. नियोक्त्याचे, म्हणजे जिल्हा परिषदेचे किंवा खासगी संस्थेचे, ना-हरकत पत्र लागते. त्यात तीन गोष्टी लिहून द्याव्या लागतात : अर्धवेळ शिक्षणाला परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कामातून मोकळीक दिली जाईल. पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण हवेत. राखीव प्रवर्गांना आणि दिव्यांगांना त्यात पाच टक्क्यांची सूट आहे. विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत, म्हणजे ‘पेट’मध्ये, निम्मे प्रश्न संशोधनपद्धतीवर असतात. निवड करताना लेखी परीक्षेला ७० आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचे. मुदत कमीत कमी तीन वर्षे, जास्तीत जास्त सहा. पुनर्नोंदणी केली तर आणखी दोन. महिलांना त्यावर दोन वर्षे जास्त मिळतात, शिवाय प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा.

यात घोडे बहुतेकदा अडते ते गाइडपाशी. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात. शिक्षणशास्त्राचे मान्यताप्राप्त मार्गदर्शक मोजके असल्यामुळे जागा रिकामी होण्याची वाट पाहावी लागते. म्हणून विषय ठरवून गाइड शोधण्यापेक्षा आपल्या विषयाजवळ काम करणारा गाइड कोण, हे आधी पाहणे शहाणपणाचे.

परभणी जिल्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. १९९४ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ विष्णुपुरीला आहे. लोह्यामार्गे पालमहून निघाले की नांदेड शहराच्या अलीकडेच ते लागते. कोर्सवर्क आणि दर सत्रातले संशोधन सल्लागार समितीपुढचे सादरीकरण यासाठी जाणे-येणे करावेच लागते. बाकीचे बरेचसे काम मात्र तालुक्यातच होते. शाळांना भेटी, मुलाखती, नोंदींची छाननी इथेच करायची. देशभरातले प्रबंध ‘शोधगंगा’वर मोफत वाचता येतात, त्यांत मराठीत लिहिलेलेही आहेत. ते नीट वाचावेत आणि उतरवून काढण्याचा मोह टाळावा. आयोगाच्या २०१८च्या साहित्यचोरीविरोधी विनियमांनुसार दहा टक्क्यांपुढच्या साम्याला शिक्षा आहे, आणि साठ टक्क्यांपुढे नोंदणीच रद्द होते.

आता मुद्द्याचे, म्हणजे संशोधनाच्या विषयाचे. शैक्षणिक नेतृत्वावरची बहुतेक गाजलेली पुस्तके ज्या मुख्याध्यापकाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत, त्याला स्वतंत्र खोली असते, कारकून असतो आणि वर्गावर जावे लागत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषात प्राथमिक शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो तो १५० हून अधिक मुले असतील तरच. वाडी-तांड्यावरच्या द्विशिक्षकी शाळेत ‘नेतृत्व’ म्हणजे दोन-दोन वर्ग एकत्र शिकवता शिकवता पोषण आहाराची नोंदवही भरणारे, यू-डायसची माहिती पाठवणारे आणि शाळा व्यवस्थापन समितीची सभा घेणारे प्रभारी गुरुजी किंवा बाई. कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत. पण दिवाळीच्या आगेमागे पालकच ऊसतोडीला गेले तर सभा कुणाची घ्यायची? एखाद्या गावात मुले आजी-आजोबांजवळ राहतात, शाळेत टिकतात. शेजारच्या गावात कोयत्याबरोबर निघून जातात. हा फरक हंगामी वसतिगृहामुळे पडतो, शिक्षकाच्या गावातल्या वजनामुळे, की आणखी कशामुळे? पावसाळ्यात नदीला पूर येऊन गावाची वाट बंद होते तेव्हा शाळा उघडायची की नाही, हे प्रत्यक्षात कोण ठरवते? या प्रश्नांची उत्तरे जॉन्स हॉपकिन्सच्या अभ्यासक्रमात मिळणार नाहीत. ती शोधायला लागणारी माणसे, नोंदी आणि वर्षानुवर्षांची ओळख पालमच्या शिक्षकाजवळ आधीपासून आहे. पूर्णवेळ संशोधकाला ती मिळवायलाच दोन वर्षे लागतील. अर्थात आपल्याच केंद्रातल्या शाळांवर लिहिताना सहकारी मोकळेपणाने बोलतील का, हा पेच आहे. म्हणून अभ्यासासाठी शेजारचे केंद्र निवडणे अनेकदा बरे.

शाळेतून नेतृत्व करण्याचा विचार मराठवाड्याला नवा नाही. ज्यांचे नाव विद्यापीठाला दिले आहे ते स्वामी रामानंद तीर्थ हैदराबाद मुक्तिलढ्याचे नेते होण्याआधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत मुख्याध्यापक होते. शाळा चालवणे हेही समाजाचे नेतृत्व आहे, हे त्यांच्या पिढीने डॉक्टरेटशिवाय दाखवून दिले.

मग पीएचडी प्रत्येकाने करावी का? नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची वेतनश्रेणी तिच्यामुळे आपोआप बदलत नाही. बी.एड. महाविद्यालयाचे प्राचार्य व्हायचे असेल तर मात्र ती अटच आहे. फक्त शाळा अधिक चांगली चालवायची असेल, तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका कमी वेळात आणि कमी पैशांत होते. दिल्लीच्या ‘नीपा’ संस्थेतल्या राष्ट्रीय शालेय नेतृत्व केंद्राचा अभ्यासक्रम ऑनलाइन आहे आणि तो रीतसर आहे. ऑनलाइन शिकायचेच असेल तर सुरुवात तिथून करावी. ते करताना असा एखादा प्रश्न हाती लागला की ज्यावर सहा वर्षे घालवावीशी वाटतील, तर ‘पेट’चा अर्ज भरावा. असा प्रश्न सापडला नाही, तर पदविका पुरेशी आहे, आणि त्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही.