बटण दाबून चहा झाला, तरी कॉम्प्युटर सुरू होईना?



गटाचा हिशेब आता वहीबरोबर कॉम्प्युटरवरही ठेवावा लागतो. पेणकडे गणपतीच्या मूर्तींच्या ऑर्डरी असतात, पोह्याच्या पापडांची बिलं असतात. रोह्याकडे कर्जाचे हप्ते, मीटिंगचं इतिवृत्त. आणि हे सगळं ज्यावर चालतं तो कॉम्प्युटर बहुतेक घरचाच, मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेला. बटण दाबलं की पाच-दहा मिनिटं नुसतं चक्र फिरत राहतं. मग कोणीतरी सांगतं, "जुना झालाय, नवीन घ्या," नाहीतर "फॉरमॅट मारा." यातल्या कशालाही हो म्हणण्याआधी दोन गोष्टी स्वतः बघून घ्या. चणेऱ्याहून रोह्याला किंवा हमरापूरहून पेणला मशीन न्यायचं म्हणजे भाडं गेलं आणि दिवसही गेला.

पहिली गोष्ट, मशीनबरोबर आणखी काय काय सुरू होतं? आपण एखादा प्रोग्राम टाकतो, तो गुपचूप स्वतःचं नाव 'सुरुवातीलाच उठणाऱ्यां'च्या यादीत घालतो. मुलाचा गेम, गाण्यांचं ॲप, लॉकडाऊनमध्ये टाकलेलं मीटिंगचं ॲप, सगळे एकदम उठतात आणि दारात गर्दी करतात. आपल्याला हवी असते फक्त हिशेबाची फाइल.

ही यादी बघायला कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. खिडकी छोटीच दिसली तर खाली 'मोअर डिटेल्स' दाबा. त्यात 'स्टार्टअप' (विंडोज ११ मध्ये 'स्टार्टअप ॲप्स') उघडा. प्रत्येक नावापुढे 'हाय', 'मीडियम' किंवा 'लो' असं लिहिलेलं असतं, म्हणजे तो प्रोग्राम सुरुवातीला किती वेळ खातो ते. जे रोज लागत नाही त्यावर माउसचं उजवं बटण दाबून 'डिसेबल' करा. घाबरू नका, यात काही पुसलं जात नाही. तो प्रोग्राम जागेवरच राहतो, हवा तेव्हा आपण उघडायचा. चुकीचा बंद झाला तर तिथेच 'इनेबल' करता येतं.

मात्र विंडोज सिक्युरिटी किंवा तुमचा अँटिव्हायरस, आवाजाचा आणि टचपॅडचा प्रोग्राम, मराठी टायपिंगचा कीबोर्ड यांना हात लावू नका. हिशेबाच्या फायली वनड्राइव्हवर साठवत असाल तर तेही चालू ठेवा. जे नाव ओळखीचं नाही ते आज तसंच राहू द्या.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते जुन्या मशीनचं खरं दुखणं इथेच असतं. त्याच टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स' उघडून 'डिस्क'वर बघा. एचडीडी लिहिलंय की एसएसडी? एचडीडीमध्ये तबकडी फिरत असते, लॅपटॉपमध्ये बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे. तिच्यावर एक बारीक दांडा इकडून तिकडे जाऊन माहिती शोधतो. जणू एकच लेखनिक आणि वीस जणी एकदम आपापलं खातं काढायला सांगतायत. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं, म्हणून माहिती झटकन मिळते. सुरू झाल्यावर कितीतरी वेळ डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली दिसली आणि ती एचडीडी असेल, तर नवीन मशीनऐवजी फक्त डिस्क बदलून भागतं का ते दुकानदाराला विचारा. फक्त लिहिण्याचं आणि हिशेबाचं काम असेल तर २५६ जीबी पुरते. ४ जीबी रॅम असेल तर ती वाढवता येते का, तेही त्याच फेरीत विचारून घ्या.

सी ड्राइव्ह गच्च भरला असला तरी मशीन रेंगाळतं. सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज असं जाऊन 'टेम्पररी फाइल्स' पुसता येतात. पण त्या यादीत 'डाउनलोड्स' असेल तर तिथली खूण आधी काढा! बँकेचे फॉर्म आणि स्टेटमेंट आपण तिथेच ठेवलेले असतात.

पावसाळ्यात लाइट जाते, मशीन धाडकन बंद पडतं आणि पुढच्या वेळी ते आधी डिस्क तपासत बसतं. त्या दिवशी उशीर झाला तर पुन्हा वायर ओढू नका. आणि आठवड्यातून एकदा 'शट डाउन'ऐवजी 'रीस्टार्ट' करा. बऱ्याच मशीनमध्ये शट डाउन केल्यावर विंडोज अर्धवटच झोपतं, रीस्टार्टमध्येच ते पूर्ण नव्याने सुरू होतं.

"तुमचा कॉम्प्युटर स्लो आहे, या नंबरवर फोन करा" अशी खिडकी मध्येच आली तर फोन करू नका, ते सांगतील ते ॲपही टाकू नका. त्याच मशीनवर गटाच्या बँक खात्याचं काम होतं. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा.

मशीन दुकानात देण्याआधी डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्समधलं सगळं पेनड्राइव्हवर घ्या. फॉरमॅट केल्यावर हे दोन्ही पुसले जातात. डिस्क बदलली तर जुनी डिस्क परत मागून घ्या. तिच्यात गटाचे आधार क्रमांक आणि खाते क्रमांक असतात. तिला बाहेरून केस बसवली की बॅकअप ठेवायला तीच वापरता येते.