जुना कॅमेरा घेताना

जुना कॅमेरा घेताना मनुष्य प्रथम भुलतो तो त्याच्या झळाळीला. परंतु कॅमेऱ्याचे आयुष्य अवलंबून असते ते आतल्या पडद्यावर. उदाहरणादाखल १९७६ ते १९९७ या काळात तयार झालेला पेन्टॅक्स के-१००० घ्या. त्याचे शटर संपूर्णपणे यांत्रिक; बॅटरी लागते ती केवळ प्रकाशमापकाला. असा कॅमेरा हाती येताच मागचे झाकण उघडावे, वेग एक सेकंदावर ठेवावा आणि कळ दाबावी. पडदा सेकंदभर उघडा राहून सरळ मिटला, तर उत्तम. अडखळला, तर आतले वंगण सुकले असावे. भिंग उजेडात धरून बुरशी पाहावी. मग झाकणाच्या खाचांतील फोम चाचपावा. तो डांबरासारखा बोटाला चिकटला, तर बदलावाच.

ही शेवटची खबरदारी मी एकदा घेतली नाही. माझ्या आईची अखेरची छायाचित्रे त्या रिळावर होती. फटीतून प्रकाश शिरला, आणि तिच्या चेहऱ्याच्या जागी आज पांढरे धुके तेवढे आहे. फोमची पट्टी घरीही बदलता येते. पडद्याला मात्र स्वतः हात लावू नये, ते कारागिराचे काम. आणि दुरुस्त झालेला कॅमेरा कपाटात कोंडू नये. अधूनमधून त्याची कळ दाबीत जावी.