सत्तर माणसं, तीन हजार तीनशे वर्षं

निगडीच्या भक्ती-शक्ती चौकात शिवराय आणि तुकोबांच्या शिल्पाजवळ एक ध्वजस्तंभ आहे. २६ जानेवारी २०१८ रोजी त्यावर पहिल्यांदा तिरंगा चढला. उंची १०७ मीटर, म्हणजे ३५१ फूट. मजल्याला दहा फूट धरले तर पस्तीस मजले झाले. मुळशी तालुक्यातल्या जांबे गावाहून हा खांब सरळ रेषेत सहा-सात किलोमीटरवर येतो. मारुंजी, नेरे, हिंजवडीच्या पट्ट्यात आता इतक्या उंच इमारती उठल्या आहेत, की समोर मोकळं आकाश मिळालं तरच तो दिसणार. पण मिळालं तर काय दिसेल, याचं गणित करून पाहण्यासारखं आहे.

साडेतीनशे फुटांच्या खांबाला साजेसं कापड म्हणजे साधारण १२० फूट बाय ८० फूट. अटारीच्या सरहद्दीवर २०१७ साली ३६० फुटी खांब उभारला, तेव्हा ध्वजाचं माप हेच होतं. क्षेत्रफळ ९,६०० चौरस फूट. जांबे-पुनावळ्याच्या बाजूला बिल्डर जे सातशे चौरस फुटांचे फ्लॅट विकतात, त्यातले तेरा फ्लॅट त्यावर अंथरले तरी कापड उरेल. असा ध्वज साडेसहा किलोमीटरवरून पाहिला तर त्याची लांबी पौर्णिमेच्या चंद्राच्या व्यासाच्या निम्म्याहून जास्त भरते. पृथ्वीच्या गोलाईचा हिशेब मांडला तर १०७ मीटर उंचीवरची वस्तू सपाट मैदानात ३७ किलोमीटरपर्यंत दिसायला हवी. सिंहगड निगडीहून सरळ रेषेत साधारण ३२ किलोमीटर आहे आणि कितीतरी उंचावर आहे. हवा धुतल्यासारखी स्वच्छ असेल तर गडावरून हा ध्वज एक ठिपका म्हणून तरी नजरेत यावा, असं गणित सांगतं.

एवढं मोठं कापड वाऱ्यात धरून ठेवणं मात्र फार कठीण असतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की कापडावरचा जोर चौपट होतो, तिप्पट झाला की नऊपट. जमिनीवर झुळूक असते तेव्हा शंभर मीटरवर चांगला वारा असतो, आणि ध्वजाचं मोकळं टोक तर सतत चाबकासारखं फटकारत राहतं. शिवण तिथूनच उसवते. अटारीचा ध्वज पहिल्या काही आठवड्यांतच फाटला आणि एकाहून अधिक वेळा बदलावा लागला. एका ध्वजाची किंमत लाखाच्या घरात. फाटलेला राष्ट्रध्वज वर ठेवता येत नाही, ध्वजसंहितेला ते मान्य नाही. मग तो उतरवावा लागतो आणि नवा येईपर्यंत खांब रिकामा राहतो. ज्या गावाने, ज्या महापालिकेने असा खांब उभा केला तिने पुढच्या प्रत्येक पावसाळ्याच्या कापडाची तरतूद त्याच दिवशी करून ठेवायला हवी. ती नसेल तर खांब उभारू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रिकाम्या खांबाने कुणाचाच मान वाढत नाही.

उंचीची ही चढाओढ आपल्याकडेच आहे असं नाही. अटारीला मार्च २०१७ मध्ये ३६० फूट झाले. त्याच वर्षी १४ ऑगस्टला समोरच्या वाघ्यात पाकिस्तानने ४०० फुटांवर ध्वज नेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपण ४१८ फुटांवर गेलो. जेद्दामध्ये २०१४ पासून १७१ मीटरचा खांब आहे. इजिप्तच्या नव्या राजधानीतला त्यापेक्षाही उंच, दोनशे मीटरच्या पुढे गेलेला. निगडीचे जवळजवळ दोन खांब एकावर एक ठेवले, तर तिथवर पोचता येईल.

मराठी माणसाला यातला बेळगावचा खांब जवळून ठाऊक आहे. किल्ला तलावाकाठी १२ मार्च २०१८ रोजी ११० मीटरवर तिरंगा चढला, निगडीपेक्षा तीन मीटर वर. त्याच्या चारच दिवस आधी, ८ मार्चला, बंगळुरात कर्नाटक सरकारने राज्याच्या वेगळ्या ध्वजाचा नमुना लोकांसमोर ठेवला होता: पिवळा, पांढरा, लाल, मधे गंडभेरुंड. सीमाभागात १९५६ पासून झेंडा ही नुसती शोभेची वस्तू राहिलेली नाही. डिसेंबर २०२० मध्ये बेळगाव महापालिकेसमोर लाल-पिवळा ध्वज लागला आणि मराठी संघटना रस्त्यावर आल्या. ११० मीटरवरच्या तिरंग्याबद्दल दोन्ही भाषांच्या लोकांत वाद नाही. जे काही पेटतं ते वीस-पंचवीस फुटांच्या काठ्यांवरून पेटतं.

आणि जुन्या काळाकडे पाहिलं तर लक्षात येतं, की ज्या झेंड्यांनी इतिहास घडवला ते सगळे एका माणसाला हातात धरता येतील एवढेच होते. १७५८ साली मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या. पुण्याहून अटक सरळ रेषेत सुमारे १,७०० किलोमीटर. आजही आपण कुणाचं मोठं यश सांगताना अटकेपार झेंडा लावला असं म्हणतो. तो झेंडा घोड्यावरच्या माणसाच्या मुठीत होता. २२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीतल्या श्टुटगार्टला समाजवाद्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मादाम कामांनी जे निशाण उलगडलं, तेही एका व्यासपीठावर मावणारं होतं. पुढे इंदुलाल याज्ञिकांनी ते हिंदुस्थानात आणलं. ते पुण्यातच आहे, केसरीवाड्यात. निगडीहून तिथे जायला दीड तास पुरतो. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी जाऊन यावं.

नागपूरचा झेंडा सत्याग्रह तर आकड्यांतच समजून घ्यायला हवा. १९२३ साली सिव्हिल लाइन्समधून चरख्याचं निशाण घेऊन जायला सरकारने बंदी केली. कापड किती, काठी किती, हा प्रश्नच नव्हता. एक रस्ता होता आणि त्या रस्त्यावरून निशाण न्यायचं नाही, एवढाच हुकूम. १ मेपासून सत्याग्रहींच्या तुकड्या निशाण घेऊन निघू लागल्या आणि पकडल्या जाऊ लागल्या. जमनालाल बजाज तुरुंगात गेल्यावर वल्लभभाई पटेलांनी सूत्रं हाती घेतली. १८ ऑगस्टला निशाण त्या रस्त्यावरून गेलं, तोवर दीड हजारांहून जास्त लोक गजाआड झाले होते. ११० दिवस धरले तर रोजचे तेरा-चौदा जण, ओळीने साडेतीन महिने.

त्यानंतर एकोणीस वर्षांनी, ९ सप्टेंबर १९४२ या एकाच दिवशी, महाराष्ट्राच्या दोन टोकांना झेंड्यासाठी माणसं पडली. नंदुरबारला शिरीषकुमार मेहता हातात तिरंगा घेऊन मिरवणुकीत होता. वय पंधरा. पोलिसांच्या गोळ्यांनी तो आणि त्याचे चार सोबती गेले. साताऱ्याच्या वडूजला मोर्चाच्या पुढे झेंडा घेऊन परशुराम घार्गे होते. तिथे नऊ जण हुतात्मा झाले. पाच आणि नऊ, चौदा माणसं. त्यांच्या हातातलं कापड दोन-तीन फुटांचं असेल. शाळेत आपण ही नावं वाचतो आणि पुढच्या धड्याकडे जातो. मला वाटतं, झेंड्याचं माप विचारणाऱ्या प्रत्येक मुलाला आधी हा चौदाचा आकडा सांगावा.

स्वातंत्र्यानंतर ध्वजाला ठरीव मापं आली. भारतीय मानकात नऊ आकार आहेत. सर्वांत मोठा ६,३०० बाय ४,२०० मिलिमीटर, म्हणजे साधारण २१ फूट बाय १४ फूट. सर्वांत लहान १५० बाय १०० मिलिमीटर, टेबलावर ठेवायचा. मोठ्यात लहान १,७६४ वेळा बसतो. आकार कोणताही असो, लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२ आणि चक्राला आरे २४.

या नऊ मापांच्या कितीतरी पलीकडचा एक खादीचा ध्वज २ ऑक्टोबर २०२१ रोजी लेहमध्ये डोंगरउतारावर उलगडला गेला. खादी ग्रामोद्योग आयोगाने तो करवून घेतला होता. लांबी २२५ फूट, रुंदी १५० फूट, वजन सुमारे १,४०० किलो, क्षेत्रफळ ३३,७५० चौरस फूट. टेबलावरचे दोन लाखांहून जास्त ध्वज त्यात मावतील. चक्राचा व्यास ३० फूट. दोन आऱ्यांच्या टोकांमधलं अंतर जवळजवळ चार फूट. दोन महिन्यांनी, ४ डिसेंबरच्या नौदलदिनी, हाच ध्वज मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर नौदलाच्या गोदीत झळकला. तो तयार करायला ७० कारागिरांना ४९ दिवस लागले. हे दोन आकडे लक्षात ठेवावेत, पुढे लागणार आहेत.

त्याच महिन्याच्या ३० तारखेला ध्वजसंहिता बदलली. तोवर राष्ट्रध्वज हाताने कातलेल्या, हाताने विणलेल्या कापडाचाच हवा होता. आता यंत्रावरचा आणि पॉलिएस्टरचाही चालू लागला. पुढच्या ऑगस्टमध्ये 'हर घर तिरंगा' आला. उद्दिष्ट वीस कोटी घरांचं. टपाल कचेऱ्यांतून ३० बाय २० इंचांचा ध्वज २५ रुपयांना मिळत होता. तेच माप धरून हिशेब मांडू.

वीस कोटी ध्वज एकाला एक लावून अंथरले तर ७७ चौरस किलोमीटर जमीन झाकली जाते. पिंपरी-चिंचवड महापालिकेची हद्द १८१ चौरस किलोमीटर आहे, तिचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग. एकामागे एक लांबीने ठेवले तर दीड लाख किलोमीटरहून लांब पट्टा होतो. पृथ्वीला पावणेचार वेढे. व्यापाऱ्यांच्या अखिल भारतीय संघटनेने त्या मोसमात ३० कोटींहून जास्त ध्वज विकले गेल्याचं आणि सुमारे ५०० कोटींची उलाढाल झाल्याचं सांगितलं. म्हणजे नगामागे सरासरी सोळा-सतरा रुपये.

आता ते ७० कारागीर. लेहच्या ध्वजाचा वेग धरला तर ते दिवसाला ६८९ चौरस फूट ध्वज तयार करतात. वीस कोटी घरांचं कापड होतं ८३ कोटी चौरस फूट. एकही दिवस सुट्टी न घेता या सत्तर जणांनी काम केलं तर त्यांना ३,३०० वर्षं लागतील. आज संपवायचं असेल तर सुरुवात तेव्हा करायला हवी होती, जेव्हा आपल्याच पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगावला ताम्रपाषाणयुगातली माणसं मातीच्या घरांत राहत होती.

म्हणून यंत्र आलं, पॉलिएस्टर आलं, हे मी समजू शकतो. तीन आठवड्यांत वीस कोटी घरांत पोचायचं तर दुसरी वाट नव्हती. पण या बदलाची झळ ज्यांना बसली त्यांचीही बाजू मांडायला हवी. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती आणि हुबळीच्या बेंगेरीतला कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ, मानकाप्रमाणे खादीचा राष्ट्रध्वज बनवणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांतल्या या दोन. तिथे सूत, विण, रंग, चक्राचा छाप, शिलाई असं सगळं तपासलं जातं. चक्र दोन्ही बाजूंनी नेमकं जुळलं पाहिजे. आरा सरकला की ध्वज बाद. २०२२ मध्ये हुबळीच्या संघाने बदलाविरुद्ध उघड आंदोलन केलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: सोळा रुपयांच्या कापडाशी हातमागाची बरोबरी होऊ शकत नाही.

ती होऊही नये. घराघरांवर काय लावायचं ते लोक आपल्या ऐपतीप्रमाणे ठरवतील. पण सरकारी खांबावर काय चढतं, ते ठरवणं आपल्या हातात आहे. महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. प्रत्येकीने तीन फूट बाय दोन फुटांचा एक खादीचा ध्वज घेतला तर कापड होतं १ लाख ६८ हजार चौरस फूट, लेहच्या ध्वजाच्या पाचपट. त्याच सत्तर कारागिरांना लागतील २४४ दिवस. आठ महिने. वीस कोटींच्या हिशेबात अशक्य वाटणारं काम गावांच्या हिशेबात एका वर्षाच्या आत बसतं, आणि सत्तर घरांची चूल त्यावर चालते.

जांब्याच्या, माणच्या, नेऱ्याच्या, तुमच्या गावच्या ग्रामसभेत पुढच्या ऑगस्टआधी एवढा एक ठराव मांडा: पंचायतीच्या आणि शाळेच्या काठीवर खादीचा ध्वज येईल, तो दरवर्षी तपासला जाईल आणि विरला की संहितेप्रमाणे सन्मानाने, खाजगीत, पूर्ण जाळला जाईल. स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावर पडलेले कागदी-प्लॅस्टिकचे झेंडे गोळा करायला शाळेच्या मुलांबरोबर मोठ्यांनीही उतरायचं, हेही त्याच ठरावात लिहा.